चार मिनिटांची तबकडी आणि हजार डॉलरचं कपाट

साठ-सत्तरच्या दशकातले दोन लाँग प्ले तबकड्यांचे संच हाताळताना काही संचांत एक चमत्कारिक क्रम दिसतो. पहिल्या तबकडीच्या एका अंगाला ‘बाजू १’ आणि उलट्या अंगाला ‘बाजू ४’. दुसरीवर २ आणि ३. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा छपाईतला घोळ वाटतो. पण तो क्रम मुद्दाम लावलेला असे. ज्या यंत्रामुळे तो रूढ झाला, ते अमेरिकेतल्या श्रीमंत दिवाणखान्यांत त्याआधी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच येऊन बसलं होतं: अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या लाकडाचं भलंमोठं कपाट, त्यात रेडिओ, त्यातच ग्रामोफोन, आणि एकामागून एक तबकड्या स्वतःच बदलणारी यंत्रणा. असा रेडिओग्राम जुन्या वस्तूंच्या लिलावात दिसला की लोक लाकडावर हात फिरवतात आणि पॉलिशबद्दल बोलतात. मला त्यातली श्रीमंती वेगळ्या ठिकाणी दिसते. गाणं ऐकता ऐकता खुर्चीतून उठावं लागू नये, एवढ्यासाठी माणसांनी केवढा खटाटोप केला, हे त्या कपाटाच्या पोटात शिरल्यावर कळतं.

मूळ अडचण तबकडीत होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं संगीत मावे, बारा इंचीवर चार ते साडेचार मिनिटांचं. लोकप्रिय गाण्यांना तेवढं पुरे. पण बीथोव्हनची पाचवी सिम्फनी अर्ध्या तासाच्या पुढे जाते. म्हणजे चार तबकड्या, आठ बाजू, आणि सात वेळा रसभंग. दर वेळी उठायचं, सुई धरणारा यंत्राचा हात उचलून बाजूला करायचा, तबकडी उलटायची किंवा बदलायची, आणि सुईही बदलायची. पोलादी सुई एका बाजूपुरतीच असे, कारण तबकडीच्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असायची. ती भुकटी सुईचं टोक घासून खाचेच्या आकाराला आणी. खाच सुईनं झिजण्यापेक्षा सुई खाचेनं झिजलेली बरी, असा तो हिशेब होता. संगीतकारानं जिथे श्वासही घेऊ दिला नव्हता तिथे ऐकणारा चावी फिरवत उभा, अशी परिस्थिती.

१९२५ साली विजेच्या साहाय्यानं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि गोष्टी झपाट्यानं बदलल्या. तोवर गायक कर्ण्यात गायचा, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि ती थरथर थेट मेणावर कोरली जायची. आता मायक्रोफोन आला, पाठोपाठ वाजवण्याच्या बाजूलाही विजेवर चालणारा पिकअप आला. पिकअप सुईच्या हालचालीचा विद्युतसंदेश करतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो, स्पीकर त्याचा आवाज करतो. यातले शेवटचे दोन भाग रेडिओतही असतातच. मग एकाच घरात दोन अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर कशाला? एक खटका बसवला की तोच अॅम्प्लिफायर कधी रेडिओचा, कधी ग्रामोफोनचा. रेडिओग्रामची कल्पना एवढी साधी आहे. १९२९ मध्ये रेडिओ बनवणाऱ्या आरसीए कंपनीनं ग्रामोफोन बनवणारी व्हिक्टर कंपनीच विकत घेतली, तेव्हा व्यापाराच्या पातळीवरही हे लग्न लागलं.

तबकडी बदलण्याचा प्रश्न मात्र त्यानं सुटला नव्हता. व्हिक्टरनं १९२७ मध्येच तबकड्या आपोआप बदलणारा ग्रामोफोन ६०० डॉलरला बाजारात आणला होता. वाजून झालेली तबकडी एक धातूचं कडं उचली आणि मऊ अस्तराच्या कप्प्यात घसरवून देई. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत या एका कामासाठी डझनावारी युक्त्या निघाल्या. त्या सगळ्यांना तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली: संगीत संपलं हे यंत्राला कळणार कसं, बदलण्यासाठी लागणारी ताकद आणायची कुठून, आणि चळतीतली नेमकी एकच तबकडी खाली कशी टाकायची. लक्षात ठेवा, हे सगळं ट्रान्झिस्टरच्या आधीचं आहे. यात ना संगणक, ना प्रकाशाचा डोळा. लोखंड, पितळ, स्प्रिंगा आणि थोडंसं घर्षण एवढ्यावर काम भागवायचं होतं.

संपलं हे कळतं कसं?

पहिला भाबडा उपाय असा: हात मध्यापासून अमुक अंतरावर आला की संगीत संपलं असं समजायचं. पण सगळ्या तबकड्या एकाच ठिकाणी संपत नाहीत. एखादी मध्यापासून बऱ्याच अलीकडे संपते, एखादी लेबलाला टेकेपर्यंत चालते. ठरावीक अंतरावर भरवसा ठेवला तर एकीत सुई शेवटी नुसती खरवडत बसणार आणि दुसरीत शेवटचा सूर तोडला जाणार.

मग तबकडीवरच खूण कोरायची पद्धत आली. संगीत संपल्यावर खाच एका बंद वर्तुळात नेऊन सोडायची, पण ते वर्तुळ मध्यापासून थोडं सरकलेलं ठेवायचं. त्यात शिरलेली सुई पुढे-मागे झोके घेऊ लागते. संगीत चालू असताना हात फक्त आतच जातो, बाहेर कधीच येत नाही. त्यामुळे हात बाहेरच्या दिशेला हलला की यंत्रानं ओळखायचं, खेळ संपला. ही युक्ती छान होती, पण ज्या जुन्या तबकड्यांवर असं वर्तुळच नव्हतं त्यांच्यापुढे ती हतबल.

पुढे रूढ झालेली पद्धत मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. ती हाताची जागा पाहत नाही, वेग पाहते. संगीताच्या भागात खाचेचे शेजारशेजारचे वेढे साधारण पाव मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे तबकडीच्या एका फेऱ्यात हात पाव मिलिमीटरच आत सरकतो. संगीत संपल्यावर मात्र खाच ऐसपैस वळण घेत मध्याकडे धावते आणि एका फेऱ्यात हात कितीतरी मिलिमीटर आत ओढला जातो. हा फरक टिपायचा.

त्यासाठी टर्नटेबलच्या, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या थाळीच्या, खाली एक छोटीशी पट्टी असते. हाताचं मूळ तिला हळूच आत ढकलतं, पण दोघांमधला सांधा नुसत्या घर्षणाचा, घट्ट नाही. टर्नटेबलच्या आसाला एक उंचवटा असतो आणि तो प्रत्येक फेऱ्यात त्या पट्टीजवळून जातो. संगीत चालू असताना पट्टी केसभरच पुढे आलेली असते, त्यामुळे उंचवट्याची कड तिला लागते आणि ती परत मागे सरकते. सांधा सैल असल्यानं हाताला याचा पत्ताही लागत नाही. चार मिनिटांच्या बाजूत हा प्रकार तीनशेहून जास्त वेळा घडतो: पट्टी पुढे, उंचवटा मागे, पट्टी पुढे, उंचवटा मागे. मग संगीत संपतं, हात एकाच फेऱ्यात झपकन आत येतो, आणि पट्टी इतकी पुढे येते की उंचवट्याची कड तिला बाजूला सारू शकत नाही; तो तिच्यावर सपाट आदळतो आणि तिला बरोबर ओढून नेतो. त्या एका ओढीनं पुढचं सगळं नाट्य सुरू होतं.

ताकद कुठून येते?

टर्नटेबल फिरवणाऱ्या मोटरकडूनच. टर्नटेबलच्या आसावर एक लहान दंतचक्र सतत फिरत असतं. त्याच्या शेजारी एक मोठं दंतचक्र असतं, पण त्याच्या परिघावरच्या एका तुकड्यात दातच नसतात. एरवी हा बिनदाती तुकडा लहान चक्रासमोर असतो. लहान चक्र फिरत राहतं, मोठं जागचं हलत नाही. मघाची पट्टी ओढली गेली की मोठ्या चक्राला एक धक्का बसतो, त्याचे दात लहान चक्रात अडकतात आणि ते फिरू लागतं. पूर्ण एक फेरा झाला की बिनदाती तुकडा पुन्हा समोर येतो आणि ते आपोआप थांबतं. थांबवण्यासाठी वेगळं काही लागतच नाही.

या एका फेऱ्यात काय काय व्हायचं ते मोठ्या चक्राच्या अंगावर कोरलेल्या वळणावळणाच्या मार्गात आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्या मार्गातून दोन-तीन दांडे सरकतात. मार्ग उंच झाला की हात उचलला जातो, बाहेर वळला की हात बाहेर जातो, एका खोबणीशी आला की वरची तबकडी सुटते, मग हात आत येतो आणि अलगद खाली उतरतो. तबकडी दहा इंची की बारा इंची, हेही यंत्राला कळावं लागतं, नाहीतर सुई हवेत उतरेल किंवा गाण्याच्या मध्यात. बऱ्याच यंत्रांत यासाठी एक नाजूक दांडी पडणाऱ्या तबकडीच्या वाटेत उभी असते. मोठी तबकडी पडताना तिला घासते, छोटी घासत नाही. तेवढ्यावरून हात कुठे टेकवायचा ते ठरतं.

एकच तबकडी

इथे बराच काळ ओरखडे आणि टवके यांचं राज्य होतं. एका पद्धतीत टर्नटेबलच्या बाजूला खांब असत आणि त्यांच्यावर फिरती पाती. चळतीतली सर्वांत खालची तबकडी आणि तिच्या वरची यांच्या फटीत ही पाती शिरत, वरचा भार पेलून धरत आणि खालची सोडून देत. सगळ्या तबकड्या सारख्या जाडीच्या असत्या तर हे उत्तम चाललं असतं. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांची जाडी वेगवेगळी, काही किंचित वाकलेल्या. पातं फटीऐवजी तबकडीच्या कडेवरच बसलं की लाखेचा टवका उडालाच. तबकड्यांचे शौकीन ‘ऑटोमॅटिक’ म्हटलं की नाक का मुरडत, ते यावरून समजावं.

नंतरची पद्धत सौम्य होती. मधला खुंटा वरच्या भागात किंचित वाकवलेला असतो आणि त्या वाकणावर एक पायरी असते. चळत या पायरीवर आणि कडेच्या एका आधारावर टेकते. वेळ आली की सर्वांत खालची तबकडी हलकेच बाजूला ढकलली जाते, तिचं भोक खुंट्याच्या सरळ भागाशी जुळतं आणि ती खाली घसरते. पडताना खालची हवा तिला थोडी तोलून धरते, म्हणून आपटल्याचा आवाज वाटतो तेवढा मार तिला बसत नाही. तरी दहा तबकड्या एकमेकींवर साठल्या की वरची कधी कधी खालचीवर घसरते आणि सूर हिंदकळतो. शिवाय थर उंच झाला की सुईचा कोनही बदलतो. खुर्चीत बसून राहण्याची ही किंमत होती.

बाजूंचा उलटासुलटा क्रम

तबकडी खाली पडली की तिची एकच बाजू वाजणार. मग सिम्फनीची दुसरी बाजू? ध्वनिमुद्रण कंपन्यांनी यावर उपाय म्हणून बाजूंचे जोडच बदलले. पाच तबकड्यांचा संच घ्या. हातानं उलटणाऱ्यासाठी सरळ क्रम: १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-१०. वरून पडणाऱ्या यंत्रासाठी मात्र १-१०, २-९, ३-८, ४-७ आणि ५-६ असे जोड लावत. पहिल्या पाच बाजू ओळीनं वाजतात, टर्नटेबलवर पाच तबकड्यांची चळत साठते. ती चळत तशीच उचलून एकदम पालथी करायची आणि पुन्हा खुंट्यावर चढवायची. आता पाचवी तबकडी तळाला असते, तिची सहावी बाजू वर. पाठोपाठ ७, ८, ९, १०. दहा बाजूंत एकदाच उठायचं.

पण तबकड्या वरून टाकण्याऐवजी वाजलेली तबकडी घसरवून बाजूला काढणारी यंत्रंही होती. त्यांच्यात तबकड्या टर्नटेबलवरच रचलेल्या असतात आणि वरून एकेक कमी होत जाते. कप्प्यात साठणारी चळत उलट्या क्रमाची होते, म्हणून तिथे १-६, २-७, ३-८, ४-९, ५-१० असे जोड लागतात. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, चटकन पटेल. म्हणजे एकाच ध्वनिमुद्रणाच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या. आरसीए व्हिक्टरच्या संचांवर एम, एएम आणि डीएम अशी अक्षरं असत ती याचसाठी: एम सरळ क्रमाचा, एएम घसरवणाऱ्या यंत्राचा, डीएम वरून टाकणाऱ्या यंत्राचा. दुकानदारांना किती ताप झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी. आज जुना संच घेतानाही हे अक्षर आधी पाहावं, नाहीतर सिम्फनीची पहिली बाजू संपून तबकडी उलटल्यावर थेट शेवट ऐकू येईल.

या भानगडीत न पडता तबकडीच उलटवणारं यंत्र बनवायचं, असा हट्ट धरला तो केपहार्टनं. होमर केपहार्ट हा इंडियाना राज्यातला पट्टीचा विक्रेता, पुढे १९४५ ते १९६३ अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य झालेला. त्याच्या नावाची कंपनी फोर्ट वेन शहरात ही यंत्रं बनवी. यंत्र बाजू वाजवायचं, तबकडी उचलायचं, उभी करायचं, दुसऱ्या अंगावर निजवायचं, ती बाजू वाजवायचं आणि मग तबकडी कप्प्यात सोडून द्यायचं. वीस तबकड्या, चाळीस बाजू, मध्ये कुणी हात लावायची गरज नाही. बारा इंची तबकड्या भरल्या तर अडीच तासांहून अधिक संगीत. सरळ क्रमाचे संच त्यात जसेच्या तसे चालत. वरच्या श्रेणीच्या केपहार्टची किंमत हजार डॉलरच्या पुढे जाई. लाखेची तबकडी ठिसूळ, तिला यंत्रानं हवेत कोलांटी मारायला लावणं म्हणजे धाडसच. पण ते चालू स्थितीत पाहण्यासारखं दुसरं यंत्र या सगळ्या जातीत नाही. १९३९ मध्ये ही कंपनी फार्न्सवर्थकडे गेली. इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनचा शोध लावणारा फायलो फार्न्सवर्थ तो हाच.

कपाटातला रेडिओ

रेडिओच्या बाजूला चढाओढ होती ती निर्वात नळ्यांच्या संख्येची, म्हणजे ज्यांना बरेच जण व्हॉल्व्ह म्हणतात त्यांची. घरगुती रेडिओचं काम पाच-सहा नळ्यांत भागे. झेनिथच्या १९३५ च्या ‘स्ट्रॅटोस्फिअर’मध्ये २५ नळ्या होत्या, तीन स्पीकर होते आणि किंमत ७५० डॉलर, त्या वर्षी नवी साधी फोर्ड मोटार याहून स्वस्तात मिळे. शिकागोच्या ई. एच. स्कॉट यांच्या ‘फिलहार्मोनिक’मध्ये तर ३० नळ्या, आणि सगळा सांगाडा क्रोमचा मुलामा दिलेला, आरशासारखा लखलखीत. गंमत अशी की हा लखलखाट कपाटाच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या जागी असे.

या नळ्या करत काय? एरियलमधून शेकडो स्टेशनांचे संदेश एकदम येतात, प्रत्येकाची कंपनसंख्या निराळी. प्रत्येक संदेश त्याच्या मूळ कंपनसंख्येवरच गाळायचा-वाढवायचा तर सगळे गाळणीचे भाग दर स्टेशनाला नव्यानं जुळवावे लागतील. सुपरहेटरोडाइन रेडिओ वेगळा मार्ग काढतो: कोणताही गायक आला तरी त्याला आधी आपल्या एकाच सुरात गायला लावायचं आणि मग साथ करायची. आलेल्या संदेशात रेडिओ स्वतःची एक कंपनसंख्या मिसळतो आणि दोहोंच्या फरकाइतकी नवी कंपनसंख्या तयार करतो. हा फरक कायम एकच, बहुधा ४५५ किलोहर्ट्झ, राहील अशी सोय असते. पुढचं सगळं गाळणं-वाढवणं त्या एकाच ठिकाणी, म्हणून ते फार काटेकोर करता येतं.

महागड्या यंत्रांत ही गाळणी कमी-जास्त रुंद करण्याची सोय असे. लांबचं, दुबळं स्टेशन पकडायचं तर गाळणी अरुंद करायची. शेजारची स्टेशनं गळतात, पण वरचे बारीक स्वरही गळतात. जवळचं दणदणीत स्टेशन असेल तर ती रुंद करायची, मग व्हायोलिनची धार नीट ऐकू येते. ही सोय खरोखर पैसे मोजण्याजोगी होती. नळ्यांच्या संख्येबद्दल तेच म्हणता येत नाही. काही नळ्या नेमकं काम करत, काही एकमेकींच्या जोडीला बसवलेल्या असत, आणि काही जाहिरातीत आकडा मोठा दिसावा म्हणून होत्या, असं मला तरी वाटतं.

स्पीकरमधली एक काटकसर मात्र दाद देण्यासारखी. तेव्हा पुरेसे जोरदार कायमचे चुंबक स्वस्तात मिळत नव्हते. म्हणून स्पीकरमध्ये तारेचं मोठं वेटोळं बसवून त्याचं विद्युतचुंबक करत. त्याला लागणारा प्रवाह यायचा रेडिओच्या वीजपुरवठ्यातूनच, आणि तेच वेटोळं त्या पुरवठ्यातली गुणगुण दाबण्याचंही काम करी. एका वेटोळ्यात चुंबकही आणि गाळणीही. म्हणूनच अशा यंत्राचा स्पीकर काढून नुसता नवा जोडला तर रेडिओ चालतच नाही.

कपाट निव्वळ मिरवण्यासाठी नव्हतं, पण मिरवण्यासाठी होतंच. चिपेंडेल, जॉर्जियन अशा जुन्या इंग्रजी फर्निचरच्या घाटांत ती बनत, म्हणजे यंत्र घरात आहे हे पाहुण्याला पटकन कळू नये. जड झाकणाचा उपयोग होता: सुईच्या टोकाशीच एक बारीक चिरचिरणारा आवाज होतो, तो झाकणाखाली दबतो. मागची बाजू उघडी ठेवत, नळ्यांची उष्णता बाहेर जावी म्हणून. त्या उघड्या पेटीमुळे खर्जाला एक विशिष्ट घुमारा येतो. कित्येकांना तोच ‘जुना ऊबदार आवाज’ वाटतो. मला तो आवडतो, पण तो मूळ वाद्याचा नाही, लाकडाचा आहे, हे मान्य करायला हवं. आणि स्पीकर, पिकअप एकाच पेटीत असल्यानं स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचून यंत्र घुमू लागण्याचा धोका असतो. म्हणून टर्नटेबलची सगळी फळी स्प्रिंगांवर तरंगती ठेवत.

गरजच संपली

युद्धानं पहिला फटका दिला. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेत घरगुती रेडिओंचं उत्पादन थांबलं. लाखेवरही निर्बंध आले. ती प्रामुख्यानं भारतातून जायची आणि युद्धसामग्रीलाही हवी होती. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, तिथल्या सरकारी आयोगानं एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८ ते १०८ वर नेला. युद्धापूर्वी एफएमसाठी जास्तीचे पैसे मोजून घेतलेली यंत्रं एका निर्णयानं त्या बाबतीत मुकी झाली.

खरा घाव जून १९४८ चा. कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, बारीक खाचेची लाँग प्ले तबकडी आणली. एका बाजूला वीस मिनिटांच्या पुढे संगीत. अख्खी सिम्फनी एका तबकडीत, मध्ये एकदाच उठायचं. आरसीएनंही १९३१ मध्ये ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या काढून पाहिल्या होत्या, पण तेव्हाच्या जड पिकअपखाली त्या टिकल्या नाहीत. १९४९ मध्ये आरसीएनं ४५ फेऱ्यांची, मोठ्या भोकाची छोटी तबकडी आणली आणि तिच्यासाठी झपाट्यानं बदलणारं यंत्रही दिलं. म्हणजे कोलंबियानं प्रश्न मिटवला आणि आरसीएनं जुन्या प्रश्नाचं जास्त चांगलं उत्तर दिलं. लोकांनी सिम्फनीसाठी एक घेतली, गाण्यांसाठी दुसरी. तबकडी बदलणारी यंत्रं पुढेही वीस-पंचवीस वर्षं बनत राहिली, कारण ती एव्हाना स्वस्त झाली होती आणि सहभोजनाला पार्श्वसंगीत म्हणून सोयीची होती. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एका स्पीकरपेटीभोवती रचलेलं जुनं कपाट कायमचं मागे पडलं.

आज एखादं हाती आलं तर

पहिली गोष्ट: थेट विजेला जोडू नका. आतले मेणकागदाचे कपॅसिटर एवढ्या वर्षांत झिरपू लागलेले असतात. त्यांचं काम एका नळीचा उच्च दाब पुढच्या नळीकडे जाऊ न देणं. ते झिरपले की पुढची नळी मर्यादेबाहेर प्रवाह ओढते आणि स्पीकरआधीचा ट्रान्सफॉर्मर जळतो. तो तसा पुन्हा मिळणं कठीण. कपॅसिटर बदलणं त्यामानानं स्वस्त आणि सोपं. जाणकाराकडून आधी तेच करून घ्यावं. आत काही शे व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे हौशीनं बोटं घालण्याची ही जागा नव्हे.

तबकडी बदलणारी यंत्रणा अडकलेली असेल तर बहुतेक वेळा दोष सुकून डिंकासारख्या झालेल्या ग्रीसचा असतो. ते पूर्ण धुऊन नव्यानं वंगण दिलं की यंत्र जागं होतं. जोर लावून फिरवू नये. विशेषतः मघाची ती घर्षणावर चालणारी पट्टी; तिथे तेलाचा थेंबही नको, कारण घर्षण गेलं की यंत्राला शेवट कळणं बंद. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग मात्र नीट तपासा. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर ते आतून फुगून, तडे जाऊन भुगा होतात आणि त्याला इलाज नाही. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अनेक पिकअपमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असे. तो दमटपणानं विरघळतो आणि ५५ अंश सेल्सियसच्या आसपास बिघडतोच, म्हणून मूळ पिकअप जिवंत निघण्याची आशा धरू नये.

अमेरिकी मोटर ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेली असते. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. मोटरचा वेग विजेच्या कंपनांशी बांधलेला असल्यानं ७८ फेऱ्यांचे ६५ होतात. पांढरी चारमधलं गाणं पांढरी दोनमध्ये उतरतं आणि लयही तेवढीच रेंगाळते. त्यासाठी मोटरच्या आसावरची पुली बदलावी लागते किंवा ६० हर्ट्झ वीज देणारा वेगळा पुरवठा.

आणि यंत्र दुरुस्त होऊन वाजू लागलं तरी त्यावर लाँग प्ले तबकडी ठेवू नका, भले टर्नटेबलचा वेग जुळवता येवो. तीसच्या दशकातल्या चुंबकी पिकअपचा भार शंभर ग्रॅमच्या घरात असे आणि सुईचं टोक लाँग प्लेच्या खाचेच्या मानानं तिप्पट जाड. विनाइलची खाच एका फेरीत खराब होते. लाखेच्या तबकड्या त्या भारासाठीच बनल्या होत्या. त्यातही ज्यांची दुसरी प्रत मिळणार नाही अशा बाजूला ठेवून, सहज मिळणाऱ्या, कडा न तुटलेल्या पाच-सहा तबकड्या आधी चढवाव्यात आणि यंत्राचा हात नेमका कुठे उतरतो ते पाहावं.